विश्वनाथ काशिनाथ राजवाडे

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे (१८६३ – ३१ डिसेंबर १९२६) हे मराठी इतिहाससंशोधक, भाषाशास्त्रज्ञ, संपादक व निबंधकार होते. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या ग्रंथमालेचे २२ खंड त्यांनी प्रसिद्ध केले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे ते एक संस्थापक होत. महाराष्ट्रात त्यांचा उल्लेख 'इतिहासाचार्य' या उपाधीने केला जातो. कोणत्याही विद्यापीठात त्यांनी इतिहासाचे अध्यापन केले नाही, तरी मराठीतून इतिहास शिकणाऱ्या व शिकविणाऱ्या पुढील पिढ्यांवर त्यांच्याइतका प्रभाव फार थोड्यांचा पडला.

बालपण व शालेय शिक्षण

राजवाडे यांचा जन्म कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपल्यामुळे त्यांचे बालपण पुणे परिसरात आप्तांच्या आधाराने गेले. थोरले बंधू वैजनाथ काशिनाथ राजवाडे हे पुढे संस्कृतचे प्राध्यापक व निरुक्ताचे अभ्यासक म्हणून नावारूपास आले. विश्वनाथरावांचे शिक्षण पुण्यातील एकाहून अधिक शाळांत झाले आणि १८८२ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले.

त्यांच्या शालेय वर्षांत पुण्यात 'काव्येतिहाससंग्रह' हे मासिक निघत होते. काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या प्रयत्नांतून १८७८ मध्ये सुरू झालेल्या या मासिकाने जुन्या बखरी, पत्रे व काव्ये प्रथमच मुद्रित रूपात वाचकांपुढे आणली. क्रमिक पुस्तकांतील इतिहास आणि या मासिकातील कागद यांत केवढे अंतर आहे, हे चौकस विद्यार्थ्याच्या ध्यानात येणे कठीण नव्हते.

डेक्कन कॉलेजातील वर्षे

मॅट्रिकनंतर राजवाडे काही काळ मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात होते. आर्थिक अडचणींमुळे तेथील शिक्षण टिकले नाही आणि ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दाखल झाले. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात सुरू झालेल्या पाठशाळेतून या महाविद्यालयाची परंपरा चालत आली होती. सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून येरवड्याला त्याची दगडी इमारत उभी राहिली. शहरापासून दूर, नदीपलीकडे, थोडे विद्यार्थी, थोडे अध्यापक आणि वसतिगृहातील एकत्र राहणी असा हा लहानसा परिसर होता. टिळक आणि आगरकर यांची मैत्री याच परिसरात जुळली. राजवाडे यांच्या काळात रामकृष्ण गोपाळ भांडारकर तेथे संस्कृत शिकवीत असत.

मुंबई विद्यापीठ त्या काळी मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होते. इतिहास म्हणजे इंग्लंड, ग्रीस व रोम यांचा इतिहास; हिंदुस्थानचा इतिहास वाचावयाचा तो इंग्रज ग्रंथकारांच्या पुस्तकांतून. मराठ्यांच्या इतिहासासाठी जेम्स ग्रँट डफ यांचा १८२६ मधील ग्रंथ हाच आधार मानला जाई. त्या ग्रंथातील दोष दाखविण्याचे काम राजवाडे यांच्या आधी नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी विद्यार्थिदशेतच केले होते. म्हणजे अभ्यासक्रमाने न दिलेला प्रश्न विद्यार्थ्यानेच विचारण्याची वाट तेव्हा पडलेली होती, मात्र त्या वाटेने जाणाऱ्याला परीक्षेत त्याचे गुण मिळत नसत.

राजवाडे व्याख्यानांना क्वचितच बसत. पहाटेचा व्यायाम, पोहणे, लांब फेरफटका आणि ग्रंथालयातील स्वतःच्या आवडीचे वाचन असा त्यांचा दिनक्रम असे. इतिहास, तत्त्वज्ञान, राज्यशास्त्र, वनस्पतिशास्त्र अशा परस्परांशी फारसा संबंध नसलेल्या विषयांचे ग्रंथ त्यांनी या काळात वाचले. अभ्यासक्रमाची नेमलेली पुस्तके परीक्षेपुरती. साहजिकच पदवी मिळण्यास विलंब झाला. इतिहास हा विषय घेऊन ते १८९०च्या सुमारास बी.ए. झाले.

या सर्व वर्षांचा हिशेब त्यांनी पुढे 'कनिष्ठ, मध्यम व उच्च शाळांतील स्वानुभव' या दीर्घ निबंधात मांडला. मराठीतील शिक्षणविषयक लेखनात हा निबंध वेगळा उठून दिसतो, कारण त्यात शिक्षणपद्धतीवरील टीका सिद्धान्तातून आलेली नसून एका विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष अनुभवातून आली आहे. घोकंपट्टी, परक्या भाषेच्या ओझ्याखाली दबलेली बुद्धी, विषयात रस नसलेले अध्यापक आणि देहाकडे झालेले दुर्लक्ष या चारही गोष्टींवर त्यांनी कठोर प्रहार केले. शिक्षकी पेशातील वाचकाला हा निबंध आजही झोंबतो. तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे: ज्या महाविद्यालयाने आपल्याला काही शिकविले नाही असा राजवाडे यांचा सूर आहे, त्याच महाविद्यालयाने त्यांना उत्तम ग्रंथालय, निवांत परिसर आणि वर्गाबाहेर राहण्याची मोकळीक दिली होती. या तीन गोष्टी नसत्या तर त्यांचे स्वाध्यायाचे सामर्थ्य कितपत वाढले असते, हा प्रश्न त्यांनी स्वतःस फारसा विचारलेला दिसत नाही.

मराठीतच लिहिण्याचा निश्चय हे या काळाचे आणखी एक फलित. इंग्रजीवर चांगले प्रभुत्व असूनही त्यांनी आपले सारे संशोधन मराठीतून प्रसिद्ध केले. त्यामुळे महाराष्ट्राबाहेरील विद्वानांना त्यांच्या कार्याची ओळख उशिरा व अपुरी झाली. ही किंमत त्यांनी जाणूनबुजून मोजली.

'भाषांतर' मासिक

पदवीनंतर राजवाडे यांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली, पण ती त्यांना मानवली नाही. विवाहानंतर थोड्याच वर्षांत पत्नीचे निधन झाले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. जगातील श्रेष्ठ ग्रंथ मराठीत आणण्याच्या हेतूने त्यांनी 'भाषांतर' हे मासिक काढले आणि प्लेटोच्या 'रिपब्लिक' या ग्रंथाचा अनुवाद त्यातून प्रसिद्ध केला. मासिक काही वर्षे चालून बंद पडले.

साधनांचा शोध

वाई येथील एरंडे यांच्या वाड्यात जुन्या पत्रांचा मोठा संग्रह असल्याचे कळल्यावर राजवाडे तेथे गेले. ते कागद पेशवाईतील राजकीय पत्रव्यवहाराचे होते. त्यांतून निवडलेल्या पत्रांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेतील पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. १७५० ते १७६१ हा त्याचा कालखंड. खंडाला जोडलेल्या विस्तृत प्रस्तावनेत १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर झालेल्या पराभवाची कारणे मूळ पत्रांच्या आधारे तपासली होती. मराठी वाचकांनी अशी प्रस्तावना पूर्वी पाहिली नव्हती. गोविंदपंत बुंदेले व मल्हारराव होळकर यांच्यावर त्यांनी ठेवलेला दोष पुढील संशोधकांनी जसाच्या तसा मान्य केला नाही. त्र्यंबक शंकर शेजवलकर यांनी पानिपतचा प्रश्न नव्याने तपासला, पण तपासाची रीत राजवाडे यांनीच घालून दिलेली होती.

पुढील सुमारे दोन दशकांत या मालेचे २२ खंड निघाले. सरकारी आश्रय नव्हता, वेतन नव्हते, मदतनीसही थोडे. खांद्यावर सामान घेऊन, बराचसा प्रवास पायी करून, स्वतःच्या हाताने स्वयंपाक करून राजवाडे गावोगाव हिंडत. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी, मठाधिपती यांच्या माळ्यांवर, कोठारांत व देव्हाऱ्यांमागे रुमालात बांधलेली दप्तरे पडून असत. काही वाळवीने खाल्लेली, काही पावसाने भिजून गोळा झालेली, तर काही वाण्याच्या दुकानी पुड्या बांधण्यास गेलेली.

कागद दाखविण्यास लोक नाखूश असत, याचे कारण केवळ अज्ञान नव्हते. वतने व इनामे यांचे पुरावे त्याच रुमालांत असत. इनाम कमिशनच्या चौकशीत अनेक घराण्यांची उत्पन्ने गेल्याची आठवण ताजी होती. अनोळखी माणूस येऊन जुना कागद मागू लागला की त्यामागे सरकार किंवा भाऊबंदांपैकी कोणी आहे, असा संशय येणे स्वाभाविक होते. राजवाडे यांचा स्वभाव तापट. त्यामुळे काही ठिकाणी दारे उघडली तशी काही ठिकाणी ती कायमची बंदही झाली. त्याच सुमारास मिरजेस वासुदेवशास्त्री खरे व साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनीस हेही कागद जमवीत व छापीत होते.

प्रत्येक घटनेचे स्थळ, काळ व व्यक्ती निश्चित झाल्याखेरीज तिच्याविषयी विधान करू नये, हा राजवाडे यांचा आग्रह होता. पत्रावर अनेकदा केवळ तिथी असते, शक नसतो. अशा वेळी पत्रातील उल्लेख, हस्ताक्षर, मायना, शिक्का व भाषा यांवरून साल ठरवावे लागते. मोडी लिपी, फार्सी शब्दांनी भरलेली दरबारी मराठी आणि कालगणनेच्या वेगवेगळ्या पद्धती यांचे ज्ञान असल्याशिवाय हे काम होत नाही. इतिहासाच्या आजच्या विद्यार्थ्याला मोडी शिकावी लागते, त्यामागेही हीच परंपरा आहे.

भारत इतिहास संशोधक मंडळ

एकट्याने होणारे काम संस्थेवाचून टिकणार नाही, या जाणिवेतून राजवाडे यांनी सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने ७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. सभासदांनी निबंध वाचावेत, त्यांवर चर्चा व्हावी आणि ते छापले जावेत, अशी मंडळाची रीत होती. विद्यापीठात मराठ्यांच्या इतिहासाचे पदव्युत्तर शिक्षण नसताना हे काम मंडळाने केले. पुढे मतभेद होऊन राजवाडे मंडळापासून दूर गेले व त्यांचा मुक्काम बहुतांशी धुळ्यास राहू लागला.

भाषाविषयक कार्य

बीड परिसरात मिळालेल्या जुन्या पोथीवरून राजवाडे यांनी ज्ञानेश्वरीची संहिता सिद्ध केली. धुळ्याच्या सत्कार्योत्तेजक सभेमार्फत १९०९ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ही पोथी एकनाथांच्या संशोधित प्रतीहून जुन्या परंपरेची आहे, असे त्यांचे मत होते. मूळ पोथी पुढे अभ्यासकांना उपलब्ध राहिली नाही, त्यामुळे त्या मताची फेरतपासणी अशक्य झाली. साधने जपण्यासाठी आयुष्य वेचलेल्या संशोधकाच्या बाबतीत ही विसंगती खटकते. ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण, 'संस्कृत भाषेचा उलगडा', धातू व व्युत्पत्ती यांचे कोश हे त्यांचे अन्य भाषाविषयक काम. स्थलनामे व आडनावे यांतून वसाहतींचा इतिहास शोधण्याचा प्रयत्न त्यांनी केला. त्यांच्या अनेक व्युत्पत्ती आज ग्राह्य मानल्या जात नाहीत.

शहाजी, सिंदखेड आणि वऱ्हाड

जयराम पिंड्ये हा शहाजीराजे भोसले यांच्या बंगळूर येथील दरबाराशी संबंधित कवी. त्याचे 'राधामाधवविलासचंपू' हे काव्य राजवाडे यांनी १९२२ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. काव्यापेक्षा त्याची प्रदीर्घ प्रस्तावनाच अधिक गाजली. शहाजीराजांना केवळ शिवाजी महाराजांचे वडील म्हणून न पाहता, स्वतंत्र कर्तृत्वाचा मुत्सद्दी व सेनानी म्हणून पाहण्याची दृष्टी या प्रस्तावनेने रुजविली.

बुलढाणा जिल्ह्यातील वाचकांना हा विषय जवळचा आहे. सिंदखेडराजा हे जिजाबाईंचे माहेर. तिचे वडील लखुजी जाधवराव यांची १६२९ मध्ये दौलताबादेस निजामशाही दरबारात हत्या झाली. जाधव व भोसले या घराण्यांचे निजामशाहीतील स्थान समजल्याशिवाय शहाजीराजांच्या हालचालींचा अर्थ लागत नाही. याच काळात, १९२४ मध्ये, बुलढाण्याच्या यादव माधव काळे यांचा 'वऱ्हाडचा इतिहास' प्रसिद्ध झाला. जिल्ह्याच्या ठिकाणी राहून, विद्यापीठाच्या आधाराविना प्रदेशाचा इतिहास लिहिणारी ही पिढी राजवाडे यांनी घडविलेल्या वातावरणात वाढली होती.

राजवाडे यांचे डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये बंद पडले आणि १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले. एकविसाव्या शतकाच्या आरंभी या संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी संग्रामपूर तालुक्यात पूर्णेकाठच्या भोन येथे उत्खनन केले, तेव्हा विटांच्या स्तूपाचे अवशेष उजेडात आले. हे स्थळ जिगाव धरणाच्या बुडीत क्षेत्रात येते. वाण्याच्या पुड्यांतून कागद सोडवून आणण्याची राजवाडे यांची धडपड आठवावी, असा हा प्रसंग आहे.

मते व वाद

राजवाडे यांच्या विवेचनावर त्यांच्या सामाजिक दृष्टीची गडद छाया आहे. चातुर्वर्ण्याचे त्यांनी समर्थन केले. रामदासांच्या महाराष्ट्रधर्माला जयिष्णू वृत्तीचा आविष्कार मानून वारकरी संतांच्या शिकवणुकीकडे त्यांनी निष्क्रियतेचे कारण म्हणून पाहिले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी संतचळवळीला मराठ्यांच्या उदयाचे श्रेय दिले होते. त्याच्या नेमकी उलट ही भूमिका. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू समाजाविषयीच्या त्यांच्या लेखनाला केशव सीताराम ठाकरे यांनी 'कोदंडाचा टणत्कार' या पुस्तकाने उत्तर दिले. हे उत्तर तिखट होते, पण निराधार नव्हते. पुराव्याविना विधान करू नये असे सांगणारे राजवाडे जातीच्या प्रश्नावर स्वतःच तो नियम मोडतात, हा आक्षेप त्यांच्या चाहत्यांनाही टाळता येत नाही.

दुसऱ्या बाजूला, 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' या त्यांच्या लेखनाने परंपरानिष्ठ वाचकांना धक्का दिला. प्राचीन समाजातील स्त्रीपुरुषसंबंधांचे टप्पे त्यांनी वैदिक व पौराणिक आधारांवरून निःसंकोचपणे मांडले. साम्यवादी नेते श्रीपाद अमृत डांगे यांनी आपल्या प्राचीन भारतविषयक ग्रंथात या संशोधनाचा उपयोग केला. एकाच लेखकाचा आधार सनातनी व साम्यवादी दोघांनीही घ्यावा, असे उदाहरण मराठीत दुर्मिळ आहे.

अखेरची वर्षे

१९२४ मध्ये त्यांनी संपादित केलेली 'महिकावतीची बखर' प्रसिद्ध झाली. अखेरच्या काळात ते धातुकोशाच्या कामात गढलेले होते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जानेवारी १९२७ मध्ये, भास्कर वामन भट व अन्य धुळेकरांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन केले आणि त्यांचे कागद, टिपणे व हस्तलिखिते तेथे ठेवण्यात आली. अपूर्ण राहिलेला 'मराठी धातुकोश' कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी संपादित केला व याच मंडळाने तो प्रसिद्ध केला.