लिन फ्रेझिअर : लोकांनी निवडलेला आणि लोकांनीच परत बोलावलेला गव्हर्नर

निवडून दिलेला माणूस पसंत पडला नाही तर काय करायचं? आपल्याकडे याचं उत्तर ठरलेलं आहे : पाच वर्षं थांबायचं. आमदार-खासदारांना मुदतीआधी घरी पाठवायचा अधिकार आपल्या मतदाराला नाही. अमेरिकेतल्या काही राज्यांत मात्र तो आहे. तिथे नागरिक अर्ज फिरवतात, ठरलेल्या संख्येइतक्या सह्या गोळा करतात आणि मग गव्हर्नरलासुद्धा मध्येच निवडणुकीला उभं राहावं लागतं. तिथला गव्हर्नर म्हणजे आपल्या राज्यपालांसारखा नेमलेला नव्हे, तर थेट मतांनी निवडून आलेला राज्याचा प्रमुख, साधारण आपल्या मुख्यमंत्र्यांसारखा. या पद्धतीनं पद गमावणारे पहिले गव्हर्नर म्हणजे नॉर्थ डकोटा राज्याचे लिन फ्रेझिअर. त्यांच्यावर चोरीचा, लाचेचा आरोप सिद्ध झालेला नव्हता. तरी ते गेले. आणि म्हणूनच त्यांचं आयुष्य वाचण्यासारखं आहे.

फ्रेझिअर यांचा जन्म २१ डिसेंबर १८७४ रोजी मिनेसोटा राज्यात झाला. ते सहा-सात वर्षांचे असताना कुटुंब पश्चिमेकडे डकोटाच्या माळावर जमीन कसायला गेलं. लिन अभ्यासात हुशार होते. ते शिक्षक झाले, काही वर्षं शाळेत शिकवून पैसे जमवले आणि नॉर्थ डकोटा विद्यापीठातून १९०१ साली पदवी घेतली. तिथे ते फुटबॉल संघाचे कर्णधारही होते. पुढे आणखी शिकायची इच्छा होती, पण घरातली कर्ती माणसं गेली आणि हूपल या छोट्या गावाजवळच्या शेतावर त्यांना परतावं लागलं. विद्यापीठाची ओढ मात्र सुटली नाही. जुळ्या मुली झाल्या तेव्हा त्यांची नावं त्यांनी ठेवली युनी आणि वर्सी. दोन्ही जोडून म्हणून बघा!

पुढची पंधरा वर्षं ते साधे शेतकरीच होते. राजकारण त्यांच्या दारात आलं ते गव्हाच्या भावामुळे. नॉर्थ डकोटाचा शेतकरी गहू पिकवायचा, पण गव्हाची प्रत ठरवणार शेजारच्या राज्यातले मिनिआपोलिसचे व्यापारी, भाव ठरवणार तेच, आणि कर्ज देणाऱ्या बँकाही बऱ्याचशा त्यांच्याच तालावर चालणाऱ्या. हलक्या प्रतीचा म्हणून घेतलेला गहू पुढे चांगल्या प्रतीचा म्हणून विकला जातो, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. आपल्याकडच्या अडत्या आणि सावकाराच्या गोष्टी ज्यांनी आजोबांकडून ऐकल्या आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

१९१५ साली आर्थर टाउनली या कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यानं नॉनपार्टिझन लीग ही संघटना काढली. कार्यकर्ते फोर्ड गाड्या घेऊन शेतोशेती फिरले, वर्गणी घेतली, सभासद केले. मागणी सरळ होती : पिठाची गिरणी, धान्याची कोठारं आणि बँक राज्याच्या मालकीची हवी. वेगळा पक्ष न काढता, राज्यात जोरात असलेल्या रिपब्लिकन पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीतच आपली माणसं उभी करायची, अशी त्यांची युक्ती होती. गव्हर्नरपदासाठी त्यांना स्वच्छ, शिकलेला आणि हातानं शेती करणारा माणूस हवा होता. नाव निघालं फ्रेझिअर यांचं. आपल्या परिसराबाहेर त्यांना फारसं कुणी ओळखत नव्हतं. टक्कल पडलेला, धिप्पाड, शांत स्वभावाचा हा माणूस भाषणात आग ओकणारा नव्हता. तरी नोव्हेंबर १९१६ मध्ये त्यांना सुमारे ७९ टक्के मतं मिळाली.

पहिली दोन वर्षं वरच्या सभागृहानं लीगचे मोठे बेत अडवून धरले. १९१८ मध्ये फ्रेझिअर पुन्हा निवडून आले, दोन्ही सभागृहं लीगच्या हातात आली आणि १९१९ मध्ये कायद्यांचा धडाकाच लागला. बँक ऑफ नॉर्थ डकोटा स्थापन झाली, राज्याच्या पीठगिरणीला मंजुरी मिळाली, गारपिटीचा विमा आला. या सगळ्यावर देखरेख करायला तिघांचा औद्योगिक आयोग नेमला : गव्हर्नर फ्रेझिअर, महाधिवक्ता (१९२१ पासून हे पद विल्यम लेमके यांच्याकडे आलं) आणि शेती व कामगार खात्याचे आयुक्त जॉन हेगन. त्याच वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर कोळसा खाणीत संप झाला, तेव्हा लोक थंडीनं गारठू नयेत म्हणून फ्रेझिअर यांनी खाणीच सरकारच्या ताब्यात घेतल्या. शेतकऱ्यांना आपलं सरकार आल्यासारखं वाटलं. बँकवाले, व्यापारी आणि बरेच शहरी लोक मात्र धास्तावले.

मग दिवस फिरले. पहिलं महायुद्ध संपल्यावर गव्हाचे भाव कोसळले. गावोगावच्या छोट्या बँका बुडू लागल्या. राज्याच्या बँकेसाठी काढलेले रोखे विकले जाईनात, कारण बाहेरचे सावकार या समाजवादी प्रयोगात पैसा घालायला तयार नव्हते. चुका घरच्याही होत्या. स्वस्त घरं बांधून देण्याच्या योजनेत खर्च हाताबाहेर गेला, आणि त्यात खुद्द लेमके यांच्या फार्गोतल्या घराचं प्रकरण गाजलं. १९२० ची निवडणूक फ्रेझिअर जेमतेम जिंकले.

त्याच १९२० साली राज्यघटनेत परत बोलावण्याची तरतूद आली होती. मागच्या गव्हर्नर निवडणुकीत जितक्यांनी मत दिलं त्यांच्या ३० टक्के सह्या जमल्या की निवडणूक घ्यायलाच हवी. आरोप सिद्ध करायची गरज नाही. इंडिपेंडंट व्होटर्स असोसिएशन या विरोधी संघटनेनं अर्ज फिरवायला सुरुवात केली. पाच वर्षांपूर्वी लीगचे लोक जसे शेतोशेती फिरले होते, तसेच आता त्यांना घालवायला निघालेले लोक फिरले. सह्या भरल्या. फ्रेझिअर, लेमके आणि हेगन, तिघांनाही परत बोलावण्यासाठी २८ ऑक्टोबर १९२१ हा दिवस ठरला.

फ्रेझिअर यांना १,०७,३३२ मतं पडली, नॉर्वेत जन्मलेले वकील रॅग्नवाल्ड नेस्टॉस यांना १,११,४३४. फरक ४,१०२ मतांचा. तिघेही गेले.

पण त्या दिवसाची अर्धी गोष्ट लोक विसरतात. त्याच दिवशी मतदारांसमोर लीगचा औद्योगिक कार्यक्रम मोडीत काढणारे प्रस्तावही होते. ते सगळे मतदारांनी फेटाळले! म्हणजे बँक उभी करणारे नकोत, पण बँक हवी. नवे गव्हर्नर नेस्टॉस यांना विरोधकांची संस्थाच चालवावी लागली, आणि राज्याची पीठगिरणी १९२२ मध्ये सुरू झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत.

मला यात मतदाराचा गोंधळ दिसत नाही, त्याची समज दिसते. आपण माणूस आणि काम एकाच गाठोड्यात बांधतो. नेता आवडला की त्याचं सगळं बरोबर, नावडला की त्यानं बांधलेला पूलसुद्धा वाईट. नॉर्थ डकोटाच्या शेतकऱ्यांनी ते गाठोडं सोडून बघितलं.

आणि फ्रेझिअर? ते शेतावर परतले. सूड नाही, आदळआपट नाही. पुढच्याच वर्षी, १९२२ मध्ये, ते अमेरिकेच्या सिनेटसाठी उभे राहिले आणि १८९९ पासून जागा धरून बसलेले पोर्टर मॅकंबर यांना प्राथमिक निवडणुकीत हरवून पुढे निवडूनही आले. गंमत म्हणजे त्याच निवडणुकीत मतदारांनी गव्हर्नर म्हणून पुन्हा नेस्टॉस यांनाच निवडलं. ज्याला राज्य चालवायला नको म्हटलं, त्याला त्याच लोकांनी राजधानीत आपलं म्हणणं मांडायला पाठवलं.

सिनेटमध्ये ते अठरा वर्षं होते. युद्धच बेकायदा ठरवणारी घटनादुरुस्ती त्यांनी पुन्हा पुन्हा मांडली. ती कधीच मंजूर झाली नाही. महामंदीत शेतं जप्त होऊ लागली तेव्हा, तोवर प्रतिनिधिगृहात पोचलेल्या लेमके यांच्यासोबत त्यांनी १९३४ चा फ्रेझिअर-लेमके कायदा आणला. कर्जबाजारी शेतकऱ्याला जप्तीपासून मुदत देणारा हा कायदा होता. १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. दोघांनी त्याच वर्षी दुरुस्त करून पुन्हा आणला, आणि १९३७ मध्ये न्यायालयानं तो मान्य केला. परत बोलावलेल्या तिघांपैकी दोघांची नावं अशी शेतकऱ्यांच्या कायद्यावर कायमची लागली.

१९४० मध्ये पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत विल्यम लँगर यांनी त्यांना हरवलं. ११ जानेवारी १९४७ रोजी, ७२ व्या वर्षी, ते वारले. त्यांच्यानंतर दुसरा गव्हर्नर या मार्गानं जायला २००३ साल उजाडलं : कॅलिफोर्नियाचे ग्रे डेव्हिस.

आपल्या मध्य प्रदेशातही नगराध्यक्षांसाठी अशा निवडणुका झालेल्या आहेत. मतपत्रिकेवर दोनच चित्रं, भरलेली खुर्ची आणि रिकामी खुर्ची. मात्र तिथे सुरुवात नगरसेवकांच्या सह्यांनी होते, मतदारांच्या नव्हे. हा अधिकार आमदारांपर्यंत न्यावा की नको, यावर आपल्या कॉलेजात एकदा चांगला वाद व्हायला हवा. सह्या गोळा करायला पैसा लागतो, आणि वाईट भावाच्या वर्षी चांगला माणूसही जाऊ शकतो, हे फ्रेझिअर यांच्यावरून दिसतंच. पण लोकांच्या हातात हा अधिकार दिला म्हणून सगळं कोसळतं, ही भीतीही त्यांच्याच गोष्टीनं खोटी ठरते. बँक ऑफ नॉर्थ डकोटा आजही चालू आहे. अमेरिकेत राज्याच्या मालकीची अशी ती एकमेव बँक.