तत्त्वज्ञ विटगेन्स्टाइनचा शब्दकोश

तत्त्वज्ञानाचे मूलभूत प्रश्न आपण सोडवले, अशी खात्री पटलेल्या लुडविग विटगेन्स्टाइनने १९२० साली ऑस्ट्रियातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षकाची नोकरी धरली.

व्हिएन्नातील एका पोलादसम्राटाच्या घरी २६ एप्रिल १८८९ रोजी त्याचा जन्म झाला. मँचेस्टरला विमानविद्या शिकताना गणिताच्या पायाविषयीचे प्रश्न त्याला छळू लागले आणि १९११ मध्ये तो केंब्रिजला बर्ट्रांड रसेलकडे गेला. पहिल्या महायुद्धात सैन्यात असताना त्याने ‘ट्रॅक्टॅटस’ लिहिला. भाषा वस्तुस्थितीचे चित्र रेखाटते. नीती, सौंदर्य, जगण्याचा अर्थ यांचे चित्र काढता येत नाही, म्हणून ते विधानांत सांगताही येत नाहीत, असा त्याचा निष्कर्ष होता. मात्र त्याला हेच विषय सर्वांत मोलाचे वाटत. पुढे व्हिएन्नातील विज्ञाननिष्ठ अभ्यासकांच्या बैठकीत तो त्यांच्याकडे पाठ करून रवींद्रनाथांच्या कविता वाचत बसे, ते उगीच नव्हे.

वडिलोपार्जित संपत्ती भावंडांना देऊन त्याने ट्राटेनबाख, पुखबर्ग आणि ओटरटाल येथे शिकवले. मुलांना आपल्या चुका आपणच सुधारता याव्यात म्हणून त्यांच्याच वापरातील शब्दांचा शुद्धलेखनकोश त्याने तयार केला. तो १९२६ मध्ये छापला गेला. पण हा शिक्षक विलक्षण तापट होता. त्याच वर्षी त्याच्या माराने एक विद्यार्थी बेशुद्ध पडला आणि त्याने नोकरी सोडली. दहा वर्षांनी ओटरटालला परत जाऊन त्याने मार खाल्लेल्या विद्यार्थ्यांची क्षमा मागितली. ती सर्वांकडून मिळाली असे नाही.

१९२९ साली केंब्रिजला परतल्यावर त्याला स्वतःचाच सिद्धांत अपुरा वाटू लागला. अर्थशास्त्रज्ञ पिएरो स्राफा याने एकदा हनुवटीखालून बोटे फिरवण्याची, नेपल्सकडची तुच्छतादर्शक खूण करून तिची तार्किक रचना विचारली, असे सांगतात. खूण कळत होती. पण ती कशाचेही चित्र नव्हती. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात शोधावा, असे विटगेन्स्टाइन मग मांडू लागला. बुद्धिबळ, पत्ते, चेंडूफळी या साऱ्यांना आपण खेळ म्हणतो, तरी सर्वांत समान असे एकच लक्षण सापडत नाही. आणि तसे न सापडल्याने व्यवहारात कोणाचे अडतही नाही. शब्दाला नित्याच्या कामावरून काढून नुसते न्याहाळत बसले, की मात्र माणूस गोंधळतो. तत्त्वज्ञानाची ओढ त्याच्या मते या अस्वस्थतेतून येते, आणि तत्त्वज्ञाचे काम नवा सिद्धांत उभारण्याचे नसून ही गाठ सोडवण्याचे आहे.

त्याची स्वतःची गाठ सुटली नाही. १९३९ मध्ये तो प्राध्यापक झाला, दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या गाय्ज रुग्णालयात औषधे पोचवण्याचे काम त्याने केले आणि १९४७ मध्ये प्राध्यापकपदही सोडले. लेखन अखेरच्या दिवसांपर्यंत चालू होते. २९ एप्रिल १९५१ रोजी केंब्रिज येथे त्याचे निधन झाले. वर्षानुवर्षे फेरफार करूनही त्याने छापायला न दिलेला ‘फिलॉसॉफिकल इन्व्हेस्टिगेशन्स’ १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला.