सागरतळीचा साक्षीदार

इ. स. १९२७ मधील गोष्ट. वेस्ट इंडीजमधील हैती देशाच्या राजधानीजवळ, पोर्ट-ऑ-प्रिन्सच्या उपसागरात, एक शिडाचे जहाज नांगरून पडले होते. जवळच्या एका लहान होडीत दोन माणसे हातपंप चालवीत होती. पंपाला जोडलेली रबरी नळी पाण्यात उतरली होती आणि खाली प्रवाळांच्या झाडोऱ्यात, डोक्यावर तांब्याचे जड शिरस्त्राण चढविलेला, पन्नाशीच्या उंबरठ्यावर आलेला एक गृहस्थ खडकावर शांतपणे बसला होता. त्याच्या हातात जस्ताची पाटी आणि पेन्सिल होती. तो समोरून जाणारे मासे न्याहाळी आणि पाटीवर टिपून घेई. हा गृहस्थ म्हणजे अमेरिकन निसर्गशास्त्रज्ञ विल्यम बीब.

विल्यम बीब यांचा जन्म २९ जुलै १८७७ रोजी न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकलिन येथे झाला. त्यांचे बालपण न्यू जर्सी राज्यातील ईस्ट ऑरेंज या गावी गेले. गावाभोवती रान होते, शेते होती. पाखरे, किडे, शंखशिंपले यांचा संग्रह करण्याचा नाद विल्यमला लहानपणीच जडला. न्यूयॉर्कचे निसर्गेतिहासाचे संग्रहालय आणि तेथील भुसा भरलेले पशुपक्षी पाहण्यात तो तासन् तास रमून जाई. पुढे कोलंबिया विद्यापीठात त्यांचे शिक्षण सुरू झाले. परंतु पदवी पदरात पडण्यापूर्वीच, १८९९ मध्ये, न्यूयॉर्कमध्ये नव्याने उघडणाऱ्या प्राणिउद्यानात पक्ष्यांची देखभाल करण्याचे काम त्यांच्याकडे आले. बीब यांनी विद्यापीठ सोडले आणि ते काम पत्करले. पुढे ज्या विद्वानाला दोन विद्यापीठांनी सन्मानाची डॉक्टर पदवी दिली, त्याने स्वतः परीक्षेची पदवी कधीच मिळविली नव्हती.

प्राणिउद्यानात काम करता करता एक गोष्ट बीब यांच्या मनात पक्की झाली. मेलेला पक्षी कपाटात ठेवला म्हणजे त्याची पिसे मोजता येतात. पण तो कसा जगतो, कशाला भितो, पिलांना काय भरवितो, हे कळत नाही. प्राण्याला खरोखर ओळखावयाचे असेल, तर तो ज्या घरात राहतो त्या घरी पाहुणा म्हणून गेले पाहिजे. या निष्ठेपायी १९०९ च्या अखेरीस ते आशियाच्या दौऱ्यावर निघाले. मोर, रानकोंबडे आणि त्यांच्या कुळातील इतर पक्ष्यांचा शोध घेत त्यांनी सिलोन, हिमालय, ब्रह्मदेश, चीन, जावा, बोर्निओ असा सतरा महिने प्रवास केला. हिमालयाच्या कड्यांवर थंडीवाऱ्यात दबा धरून बसून त्यांनी जे पाहिले, ते पुढे चार मोठ्या खंडांत प्रसिद्ध झाले.

त्यांच्या निरीक्षणाची रीत समजण्यास आणखी एक उदाहरण पुरे आहे. ब्राझीलच्या अरण्यात एकदा त्यांनी एका झाडाखालची चार चौरस फूट जागेतील पालापाचोळ्याची माती पोत्यात भरून घेतली आणि परतीच्या प्रवासात जहाजावर बसून भिंगाखाली ती कण कण तपासली. त्या मूठभर जागेत शेकडो जीव नांदत असल्याचे त्यांना दिसले. जग मोठे आहे म्हणून ते विचित्र नाही. आपण नीट पाहू लागलो की ते विचित्र होते, असा धडा त्यांनी त्यातून घेतला.

आता समुद्राकडे त्यांचे लक्ष वळले. त्या काळी समुद्रातील प्राण्यांचे ज्ञान बहुधा जाळ्यांतून येत असे. जाळ्यात सापडलेला मासा जहाजावर येईपर्यंत मरगळून जाई. त्याचे रंग विटत, नाजूक अवयव तुटत. तो कोणाबरोबर राहत होता, कोणाला भीत होता, याची जाळ्याला वार्ता नसे. अरण्यातील पक्ष्यांविषयी जो नियम, तोच माशांविषयी का नसावा, असा विचार बीब यांच्या मनात आला. १९२५ मध्ये आर्क्टुरस या जहाजातून ते गालापागोस बेटांकडे गेले, तेव्हा त्यांनी प्रथम पाणबुड्याचे शिरस्त्राण डोक्यावर चढविले.

ते शिरस्त्राण आजच्या मानाने अगदी साधे होते. तांब्याची एक मोठी हंडी उपडी करून खांद्यांवर ठेवावी आणि समोर काचेच्या खिडक्या बसवाव्यात, तसा त्याचा आकार. खालची बाजू उघडीच असे. वर होडीतील पंपाने हवा सोडली की ती नळीवाटे शिरस्त्राणात येई आणि जास्तीची हवा कडेखालून बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडे. हवेच्या दाबामुळे पाणी हनुवटीच्या वर चढत नसे. मात्र माणूस पुढे फार वाकला किंवा तोल जाऊन पडला, तर पाणी आत शिरे. शिवाय दर तेहतीस फुटांना वातावरणाच्या दाबाइतका आणखी दाब शरीरावर वाढतो. म्हणून या साधनाने पन्नास-साठ फुटांच्या फार खाली जाणे धोक्याचे होते.

परंतु तेवढी खोलीही एक नवे जग उघडण्यास पुरेशी होती. गालापागोसच्या पाण्यात शार्क मासे त्यांच्या आजूबाजूने फिरत. आरंभी वाटणारी भीती लवकरच ओसरली आणि या माशांना आपण डिवचले नाही तर ते सहसा आपल्या वाटेस जात नाहीत, असे त्यांच्या प्रत्ययास आले. दोन वर्षांनी हैतीच्या प्रवाळखडकांवर त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तीनशेहून अधिक वेळा बुड्या मारल्या. हरणाच्या शिंगांसारखी फुटलेली पोवळी, पंख्यांसारखी डोलणारी पोवळी, त्यांच्या कपारींतून डोकावणारे खेकडे आणि मासे असे ते नगर होते. चोचीसारखे दात असलेले पोपटमासे पोवळ्यांचे खडक कुरतडीत आणि त्यांच्या पोटातून बारीक वाळू होऊन तो खडक बाहेर पडे. एखादा पोपटमासा मध्येच निश्चल उभा राही आणि चिमुकले मासे त्याच्या अंगावरील परोपजीवी जीव टिपून खात. मोठ्याने लहानाला गिळावे हा समुद्राचा नियम. पण येथे मोठा लहानाकडून सेवा घेत होता आणि लहानाचे पोट भरत होते. हे दृश्य कोणत्याही जाळ्यात कधी सापडले नसते.

अशी नोंद करण्यासाठी बीब यांनी नवनव्या युक्त्या योजिल्या. पाण्यात कागद टिकत नाही, म्हणून जस्ताची पाटी आली. पुढे शिरस्त्राणात दूरध्वनी बसविला. त्यामुळे खाली दिसेल ते बोलावे आणि वर सहकाऱ्याने लिहून घ्यावे, अशी सोय झाली. छायाचित्रांसाठी कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या पितळी पेटीत ठेवला. शंभर दिवसांच्या आत त्या उपसागरातील माशांची एवढी मोठी यादी तयार झाली, की शेजारच्या पोर्तो रिको बेटावर चार शतकांत जमलेल्या यादीच्या ती जवळपास पोहोचली. १९२८ मध्ये बीब यांनी या अनुभवांवर पुस्तक लिहिले आणि सामान्य वाचकांनीही आयुष्यात एकदा तरी शिरस्त्राण घालून पाण्याखालचे जग पाहावे, असा त्यांना आग्रह केला.

तथापि प्रवाळखडकाचा उतार जेथे काळ्या निळ्या अंधारात नाहीसा होई, तेथे बीब यांची नजर पुनःपुन्हा खिळून राही. त्या अंधारात काय आहे? शिरस्त्राण तेथे पोहोचणार नव्हते. याच वेळी ओटिस बार्टन नावाचा तरुण अभियंता त्यांना भेटला. त्याने पोलादाचा एक पोकळ गोल बनविण्याची योजना मांडली. गोलावर पाण्याचा दाब सर्व बाजूंनी सारखा पडतो. म्हणून तो सहजी चेपत नाही. या गोलाचा आतील व्यास केवळ साडेचार फूट होता. त्याला तीन इंच जाडीच्या वितळविलेल्या स्फटिकाच्या खिडक्या होत्या. श्वासासाठी प्राणवायूच्या नळ्या, अशुद्ध हवा शोषून घेण्यासाठी रसायनांच्या थाळ्या आणि हवा खेळती ठेवण्यासाठी ताडपत्राचे पंखे एवढीच आतील सामग्री. गोल स्वतः हलू शकत नसे. पोलादी दोराने तो जहाजावरून खाली सोडावा आणि ओढून घ्यावा लागे. दोर तुटला, तर आतील माणसांची सुटका होण्याचा मार्ग नव्हता.

१९३० मध्ये बर्म्युडा बेटांजवळ बीब आणि बार्टन या गोलात बसून प्रथम चौदाशे फुटांपर्यंत उतरले. जसजसे खाली जावे, तसतसे सूर्यप्रकाशातील रंग नाहीसे होत. आधी तांबडा गेला, मग नारिंगी, पिवळा, हिरवा. शेवटी शब्दांत न मावणारा निळा प्रकाश उरला आणि पुढे तोही विझला. त्या अंधारात मग जिवंत दिवे लागू लागले. स्वतःच्या अंगाने प्रकाशणारे मासे खिडकीपुढून चमकून जात.

१९३२ मध्ये एका चाचणीसाठी गोल माणसांवाचून खोल पाण्यात सोडला होता. तो वर आला तेव्हा आतून पाण्याने भरलेला होता. झाकणाचा खिळा सैल करताच आतील दाबाने तो बंदुकीच्या गोळीसारखा उडाला आणि त्यामागून पाण्याचा प्रचंड झोत सुटला. त्या वेळी आत माणसे असती, तर त्यांचा अंत क्षणार्धात झाला असता. बीब यांनी हे स्वतः पाहिले. दुरुस्ती झाली आणि २२ सप्टेंबर रोजी ते पुन्हा त्याच गोलात बसले. त्या दिवशी ते बावीसशे फुटांपर्यंत गेले आणि त्यांचे निवेदन नभोवाणीवरून दूरदूरच्या श्रोत्यांनी ऐकले. १५ ऑगस्ट १९३४ रोजी त्यांनी ३,०२८ फूट, म्हणजे सुमारे ९२३ मीटर खोली गाठली. तेथे पाण्याचा दाब पृष्ठावरील हवेच्या दाबाच्या सुमारे नव्वदपट असतो. इतक्या खोलवर जाऊन जिवंत परत आलेला मनुष्य तोवर झाला नव्हता. हा विक्रम पंधरा वर्षे टिकला आणि १९४९ मध्ये बार्टन यांनीच तो मोडला.

या कीर्तीबरोबर एक कसोटीही आली. अंधारात बीब यांना काही मासे असे दिसले, की ते कोणत्याही ग्रंथात नव्हते. त्यांपैकी दोन मासे सहा फूट लांब असावेत. त्यांच्या अंगावर फिकट निळ्या दिव्यांची ओळ होती आणि खाली दोन लांब तंतू लोंबत होते. बीब पाहिलेले सर्व दूरध्वनीवरून सांगत. वर ग्लोरिया हॉलिस्टर ते लिहून घेत आणि पुढे एल्स बोस्टेलमन या चित्रकर्ती त्या वर्णनावरून चित्रे रंगवीत. बीब यांनी या माशांना शास्त्रीय नावे दिली. परंतु विज्ञानाची रीत अशी, की नव्या प्राण्याचा नमुना संग्रहालयात ठेवावा, म्हणजे शंका घेणाऱ्यास तो पाहता येतो. बीब यांच्याजवळ नमुना नव्हता. होती ती केवळ डोळ्यांची साक्ष. काही मत्स्यशास्त्रज्ञांनी ती मान्य केली नाही. खिडकीच्या काचेवर श्वासाची वाफ धरून दिवे फसवे दिसले असतील, असाही तर्क लढविला गेला.

ज्याने आयुष्यभर पाहण्यालाच शास्त्र मानले, त्याच्या पाहण्यावरच संशय आला. हा आघात लहान नव्हता. प्रवाळखडकावर एखाद्या गोष्टीची शंका आली तर दुसऱ्या दिवशी त्याच कपारीपाशी जाऊन खात्री करता येई. येथे मासा एकदा दिसे तो कायमचा अंधारात लुप्त होई. तरीही बीब यांनी जे पाहिले नाही ते पाहिले असे म्हटले नाही आणि जे पाहिले ते लोक हसतील म्हणून लपविलेही नाही. त्या दिव्यांच्या माशाला त्यांनी दिलेल्या नावातच अस्पर्शित असा अर्थ होता. आपला हात त्याला लागलेला नाही, ही कबुली त्यांनी नावातच नोंदवून ठेवली. ते मासे आजवर कोणाला निःसंशय सापडलेले नाहीत. कदाचित बीब यांचे डोळे फसले असतील. कदाचित तो अफाट अंधार अजून आपले रहस्य राखून असेल. परंतु खोल समुद्रात जीवनाची आणि जिवंत प्रकाशाची रेलचेल आहे, ही त्यांची मुख्य साक्ष पुढील संशोधनाने खरी ठरविली.

उत्तरायुष्यात बीब पुन्हा अरण्याकडे वळले. त्रिनिदाद बेटावरील एका डोंगरउतारावर त्यांनी संशोधनकेंद्र स्थापिले. आपल्याकडील प्रसिद्ध गिरिस्थानाप्रमाणे त्या जागेचेही नाव सिमला असेच होते. तेथे फुलपाखरे, पक्षी व किडे यांच्या सहवासात त्यांचे दिवस गेले. तरुणांना उत्तेजन देण्यात ते कधी कसूर करीत नसत. पुढे समुद्रावरील लेखनाने प्रसिद्ध झालेल्या रेचेल कार्सन यांना त्यांनी लेखनात साहाय्य केले आणि पाण्याखाली उतरण्याचा आग्रहही केला. ४ जून १९६२ रोजी सिमला येथेच त्यांचे निधन झाले.

१९४३ मध्ये फ्रान्समध्ये जाक कूस्तो आणि एमिल गान्यान यांनी पाठीवर वाहावयाचे श्वसनयंत्र सिद्ध केले. त्यामुळे आज पाणबुड्याला होडीतील पंपाशी नळीने बांधलेले राहावे लागत नाही; तो माशासारखा मोकळा फिरतो. त्याच्याजवळ क्षणात चित्र टिपणारा कॅमेराही असतो. साधने बदलली, परंतु प्रवाळांच्या कपारीपाशी श्वास शांत ठेवून, काही न डिवचता, एखादा दुर्मिळ जीव बाहेर येण्याची वाट पाहावी लागते, ती आजही तेवढीच. आणि वर आल्यावर दिसले तेवढेच सांगावे, हा नियमही बदललेला नाही. जस्ताची पाटी घेऊन खडकावर बसलेल्या विल्यम बीब यांनी तो आपल्या आचरणाने घालून दिला आहे.