गोदाकाठच्या अरण्यातील पाहुणा : डॉ. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ

नांदेडच्या घाटावरून वाहणारी गोदावरी पुढे कोठे जाते, याचा विचार आपण क्वचितच करतो. लातूरकडून आलेली मांजरा तिला कंदकुर्तीजवळ मिळते. किनवटच्या अरण्यातील पैनगंगेचे पाणी वर्धा आणि प्राणहिता या नद्यांच्या मार्गे तिच्यात उतरते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांचे हे पाणी घेऊन ती आंध्र प्रदेशातील पापीकोंडा डोंगरांच्या अरुंद घळईत शिरते. तेथे दोन्ही तीरांवर घनदाट अरण्य आहे, बांबूची बेटे आहेत आणि कोंडा रेड्डी या आदिवासींची वस्ती आहे. आज पर्यटक तेथे नौकाविहारासाठी जातात. 1941 साली मात्र तेथे एक वेगळाच पाहुणा गेला. त्याच्या जीवनाचे स्मरण आम्ही येथे करीत आहोत.

ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांचा जन्म 1909 साली ऑस्ट्रियातील व्हिएन्ना येथे झाला. मानववंशशास्त्राचे अध्ययन करून ते 1936 मध्ये नागा टेकड्यांत राहिले. 1939 साली ते पुन्हा भारतात आले, तोच दुसरे महायुद्ध पेटले. जर्मन पारपत्रामुळे ते ब्रिटिशांच्या दृष्टीने शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले आणि त्यांना निजामाच्या हैदराबाद संस्थानात राहावे लागले. आपला मराठवाडाही तेव्हा त्याच संस्थानात होता. नजरकैदेचा हा काळ त्यांनी व पत्नी बेट्टी यांनी अरण्यवासीयांच्या सहवासात घालविला.

नल्लमला डोंगरांतील चेंचूंचा अभ्यास करून ते गोदावरीच्या घळईत आले. तेथील सृष्टिसौंदर्याने ते मोहून गेले. पण त्यांची दृष्टी तेथेच थांबली नाही. रेड्डी लोक डोंगरउतारावर फिरती शेती करीत आणि व्यापाऱ्यांसाठी बांबू तोडीत. त्या बांबूचे तराफे राजमहेंद्रीकडे जात. व्यापारी श्रीमंत होत आणि बांबू तोडणारा कर्जात बुडत असे. हायमेनडॉर्फ यांनी हे सारे नोंदवून 1945 साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

त्यांचे खरे जीवितकार्य आदिलाबादच्या गोंडांमध्ये घडले. आजचा किनवट तालुका त्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यातच होता. राखीव जंगलाच्या सीमा आखताना आणि बाहेरून आलेल्या लोकांनी शेते बळकावल्यामुळे गोंडांच्या जमिनी गेल्या होत्या. या अन्यायाविरुद्ध उठलेले कोमराम भीम 1940 साली जोडेघाट येथे मारले गेले. त्यानंतर असंतोषाची कारणे शोधण्याचे काम हायमेनडॉर्फ यांच्याकडे आले. ते मारलवाई या गोंड खेड्यात झोपडी बांधून राहिले व गोंडी भाषा शिकले. 1943 साली तेथे गोंड शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे केंद्र सुरू झाले. मुलांसाठी गोंडी भाषेतील पाठ्यपुस्तके तयार झाली, तीही आपल्याच देवनागरी लिपीत! पुढे निजाम सरकारचे सल्लागार म्हणून त्यांनी आग्रह धरला आणि एक लाखाहून अधिक एकर जमीन आदिवासींच्या नावे झाली.

1951 साली ते लंडन विद्यापीठात प्राध्यापक झाले, तरी मारलवाईला ते पुन:पुन्हा येत राहिले. अनेक जमिनी पुन्हा परक्यांच्या हाती गेल्याचे पाहून त्यांनी उतारवयातही त्याविरुद्ध लेखणी चालविली. 1987 साली बेट्टी यांचे निधन झाले व त्यांची समाधी मारलवाईत बांधण्यात आली. हायमेनडॉर्फ 1995 साली लंडनमध्ये निवर्तले. त्यांचे अवशेषही नंतर मारलवाईच्याच मातीत विसावले. गोंड बांधव आजही त्या दोघांचे कृतज्ञतेने स्मरण करतात.

पापीकोंडाच्या घळईतील अनेक गावांना पोलावरम धरणामुळे आपली भूमी सोडावी लागली आहे. 15 सप्टेंबर 2019 रोजी तेथे पर्यटकांची नौका बुडाली, तेव्हा जवळच्या कच्चुलूरचे ग्रामस्थ आपल्या होड्या घेऊन धावले आणि त्यांनी अनेकांचे प्राण वाचविले. ज्यांच्याकडे पर्यटकांचे एरवी लक्षही जात नाही, त्यांनीच ही धाव घेतली.

आम्हीही सुट्टीत सहस्रकुंडाचा धबधबा पाहावयास जातो, माहूरचे अरण्य पाहतो, छायाचित्रे काढतो आणि परततो. तेथे राहणाऱ्या गोंड, कोलाम व आंध बांधवांशी आम्ही दोन शब्द बोलतो काय? त्यांच्या शेतीची, मुलांच्या शाळेची विचारपूस करतो काय? दूरदेशीच्या एका माणसाने सक्तीच्या मुक्कामात जे केले, ते शेजारी असूनही आम्हांला का जमू नये?