ॲडमिरल ग्रेस हॉपर : यंत्राला हुकूम देणारी गणिती

अकरावीत आम्ही पायथॉन शिकतो. बेरजेला +, वजाबाकीला -, गुणाकाराला *, भागाकाराला / ही चिन्हे पहिल्याच आठवड्यात पाठ होतात. मला ती ड्रिलच्या हुकमांसारखी वाटतात. हुकूम छोटा, अर्थ एकच. ७ / २ लिहिले की उत्तर ३.५ येते, ७ // २ लिहिले की ३. फरक फक्त एका तिरप्या रेघेचा! असे हुकूम यंत्राला कोणत्या भाषेत द्यावेत, या प्रश्नामागे अनेक वर्षे लागलेल्या एका नौदल अधिकारी महिलेची ही ओळख.

ग्रेस मरे हॉपर यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. गजराचे घड्याळ चालते कसे, हे पाहायला लहानपणी त्यांनी घरातली सात घड्याळे खोलली होती. व्हासार कॉलेजात शिकवत असतानाच १९३४ मध्ये त्यांनी येल विद्यापीठातून गणितात डॉक्टरेट मिळवली. महायुद्धात नौदलात जायचे ठरवले, तेव्हा वजन नियमापेक्षा कमी भरले. तरीही विशेष परवानगी मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या राखीव दलात दाखल झाल्या आणि प्रशिक्षणात पहिल्या आल्या.

नेमणूक झाली हार्वर्डला, मार्क-१ या ५१ फूट लांबीच्या गणनयंत्रावर. ते सेकंदाला तीन बेरजा करी. एका गुणाकाराला सुमारे ६ सेकंद लागत आणि भागाकाराला सुमारे १५. प्रत्येक हुकूम कागदी पट्टीवर छिद्रांच्या रूपात द्यावा लागे. एक छिद्र चुकले की पुढचे सारे गणित चुकले.

युद्धानंतर त्या संगणक बनवणाऱ्या कंपनीत गेल्या. तिथे बिनॅक यंत्रासाठी अष्टमान पद्धतीत काम चाले. या पद्धतीत आठ हा अंकच नसतो. १० मधून १ वजा केला की ७ उरतात. महिनाअखेरीस त्यांच्या बँकेच्या चेकबुकाचा हिशेब जुळेना. बँकेत काम करणाऱ्या भावाने तपासले, तर बाई मधूनच अष्टमानात वजाबाकी करत होत्या! हा किस्सा त्या स्वतःच सांगत. माणसानेच यंत्राच्या भाषेत का बोलावे, यंत्राने माणसाची भाषा का शिकू नये, हा विचार त्यांनी पुढे धरला.

१९५२ मध्ये त्यांनी ए-० हा कंपायलर तयार केला. पुढे त्यांनी मांडले की हिशेबाचे काम करणाऱ्या सगळ्यांनाच गणिती चिन्हे सोयीची नसतात. त्यांना शब्द हवेत. यंत्राला इंग्रजी कळत नाही, असे उत्तर मिळाले. त्यांच्या गटाने तोच प्रोग्रॅम इंग्रजी, फ्रेंच आणि जर्मन शब्दांत चालवून दाखवला. यंत्राच्या दृष्टीने प्रत्येक शब्द म्हणजे ठरवून दिलेली एक खूण, एवढेच. यातून फ्लो-मॅटिक ही भाषा आली आणि १९५९ मध्ये तिच्या पायावर कोबोलची आखणी सुरू झाली. कोबोलमध्ये बेरजेसाठी ॲड, वजाबाकीसाठी सबट्रॅक्ट, गुणाकारासाठी मल्टिप्लाय, भागाकारासाठी डिव्हाइड असे सरळ शब्द आहेत. १९५७ मध्ये आलेल्या फोरट्रानने मात्र चिन्हे निवडली होती. आम्ही वापरतो ती * आणि / तिथेही आहेत.

मग बरोबर कोण? मला वाटते, दोघेही. लांबलचक सूत्र शब्दांत लिहिले तर वाचवत नाही, म्हणून कोबोलमध्येही कम्प्यूट या हुकमासोबत चिन्हे चालतात. पण पगाराचा हिशेब तपासणाऱ्याला शब्द लवकर समजतात. हुकूम पाळणाऱ्याला तर कळायलाच हवा, पण नंतर वाचणाऱ्यालाही कळला पाहिजे.

हॉपर १९६६ मध्ये निवृत्त झाल्या, पण वर्षभरातच नौदलाने त्यांना परत बोलावले. १९८६ मध्ये, ७९ व्या वर्षी, त्या रिअर ॲडमिरल म्हणून सेवेतून बाहेर पडल्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. अमेरिकी नौदलाच्या एका विनाशिकेला त्यांचे नाव आहे. आपण मात्र पुढचा प्रोग्रॅम लिहिताना एवढे करू या : प्रत्येक चिन्ह हा हुकूम आहे हे ओळखून, त्याचा अर्थ पक्का करूनच तो देऊ या.