वनस्पतिविदुषी जानकी अम्माळ

उसाच्या फडाकडे पाहताना त्याच्या रानातल्या नातलगाची आठवण सहसा कोणाला होत नाही. नदीकाठच्या वाळूत काश नावाचे गवत उगवते. पावसाळा सरला की त्याचे पांढरे तुरे वाऱ्यावर डोलू लागतात. शेतात शिरले तर शेतकरी ते तण म्हणून उपटून टाकतो. परंतु आज भारतात पिकणाऱ्या बहुतेक उसांच्या वंशात या गवताचा वाटा आहे. काशाच्या पेशींत दडलेला हा वारसा ज्यांनी बारकाईने अभ्यासला, त्या शास्त्रज्ञांत डॉ. जानकी अम्माळ यांचे नाव अग्रभागी येते.

जानकींचा जन्म ४ नोव्हेंबर १८९७ रोजी केरळातील तलश्शेरी येथे झाला. वडील न्यायखात्यात अधिकारी होते. त्यांना पक्ष्यांचा आणि बागेचा नाद होता. घरात भावंडांचा मोठा गोतावळा होता. त्या काळी मुलींच्या शिक्षणापेक्षा त्यांच्या लग्नाची चिंता अधिक वाहिली जाई. जानकींनी मात्र विद्येचा मार्ग निवडला आणि त्या आजन्म अविवाहित राहिल्या. मद्रासमध्ये वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेऊन त्यांनी काही काळ अध्यापन केले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्या अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या आणि १९३१ मध्ये तेथेच त्यांनी डॉक्टरेट संपादन केली.

१९३४ मध्ये त्या कोइमतूरच्या ऊस पैदास केंद्रात रुजू झाल्या. जाड, रसाळ ऊस गोड असतो; परंतु तो नाजूक असतो आणि रोगाला लवकर बळी पडतो. याच केंद्रात त्यापूर्वी अशा उसाचा काशाशी संकर करून ‘को २०५’ हा काटक वाण तयार झाला होता आणि १९१८ मध्ये तो शेतकऱ्यांच्या हाती पडला होता. जानकींनी याच्या पुढचे पाऊल टाकले. उसाचा ज्वारीशी, मक्याशी आणि निरनिराळ्या रानगवतांशी संकर करून त्यांनी त्या संकरांच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. गुणसूत्रे म्हणजे पेशीतील धाग्यांसारखे सूक्ष्म भाग; सजीवाचे आनुवंशिक गुण त्यांतूनच पुढच्या पिढीकडे जातात. काशाच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट आढळते. निरनिराळ्या ठिकाणच्या काशात गुणसूत्रांची संख्या ४० पासून १२८ पर्यंत बदलते. नाव एकच, दिसायलाही गवत जवळपास तेच; पण प्रदेशागणिक त्याचा वारसा वेगळा! एका नदीचा काठ उजाड झाला, तर तेथील काशाचा वारसा दुसऱ्या काठावर मिळेलच असे नाही.

१९३९ मध्ये एका परिषदेसाठी त्या एडिंबरा येथे गेल्या असता दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि त्या इंग्लंडमध्येच राहिल्या. युद्धकाळातही त्यांचे संशोधन थांबले नाही. सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासमवेत त्यांनी लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश सिद्ध केला. तो १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर विस्ली येथील उद्यानात त्यांनी मॅग्नोलियाच्या झाडांवर प्रयोग केले. मॅग्नोलिया म्हणजे आपल्या सोनचाफ्याच्या कुळातले झाड. त्याच्या एका प्रकाराला जानकींचे नाव देण्यात आले आहे.

१९५१ मध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या निमंत्रणावरून त्या मायदेशी परतल्या. भारतीय वनस्पती सर्वेक्षण या संस्थेची नव्याने उभारणी करण्याचे काम त्यांच्याकडे आले. देशात तेव्हा अन्नधान्याची टंचाई होती. अधिक धान्य पिकवण्यासाठी ठिकठिकाणी रान तोडून जमीन लागवडीखाली आणली जात होती. गरज खरी होती, हे नाकारता येत नाही. पण त्या घाईत काय हरवत आहे, हे जानकींनी डोळ्यांनी पाहिले. मॅग्नोलियाच्या एका दुर्मीळ जातीचे झाड पाहण्यासाठी त्या शिलाँगपासून दूर प्रवास करून गेल्या. त्या भागातले ते एकमेव झाड जळून गेले होते.

१९५५ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन येथे पृथ्वीवरील मानवी हस्तक्षेपाविषयी मोठी परिषद भरली. तेथे जानकींनी भारतातील निर्वाहापुरत्या शेतीवर निबंध सादर केला. रानाच्या आधाराने जगणाऱ्या आदिवासींना वनस्पतींची जी जाण असते, तिला त्यांनी मोल दिले. प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या विदुषीने हे करावे, ही त्या काळात सामान्य गोष्ट नव्हती.

अलाहाबाद, जम्मू आणि काही काळ मुंबईतील तुर्भे येथे काम करून १९७० मध्ये त्या मद्रासला स्थायिक झाल्या. विश्रांतीचे ते वय. पण त्यांच्यापुढे नवे काम उभे राहिले. केरळच्या पालक्काड जिल्ह्यात सायलेंट व्हॅली नावाचे घनदाट सदाहरित अरण्य आहे. कुंतिप्पुळा नदीवर तेथे धरण बांधून वीज निर्माण करण्याची योजना १९७३ मध्ये मंजूर झाली होती. धरण झाले असते, तर अरण्याचा काही भाग पाण्याखाली गेला असता. शिक्षक, लेखक, शास्त्रज्ञ अशा अनेकांनी विरोध केला. मिरी, वेलची यांसारख्या पिकांचे रानटी सगेसोयरे अशाच अरण्यांत वाढतात. त्यांचे बी जपून ठेवले म्हणजे काम भागले, असे नाही. सदाहरित वनांतल्या कित्येक वृक्षांचे बी वाळवले की मरते, मग ते साठवायचे कसे? शिवाय साठवलेले बी जिथल्या तिथे थांबते. रानातले झाड मात्र पाऊस, कीड, रोग यांच्याशी झुंजत पिढ्यानपिढ्या बदलत राहते. म्हणूनच वनस्पती मूळच्या जागीच राखण्याला शास्त्रज्ञ स्वस्थानी संवर्धन म्हणतात.

ऐंशीच्या घरातल्या जानकींनी सायलेंट व्हॅलीतील वनस्पतींच्या गुणसूत्रांच्या सर्वेक्षणाचे नेतृत्व स्वीकारले. तरुणपणी उसासाठी वापरलेली विद्या आता एका अरण्याच्या कामी आली. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु त्यांचे लक्ष होते ते कामाकडे.

१९८३ मध्ये धरणाची योजना सोडून देण्यात आली. ७ फेब्रुवारी १९८४ रोजी जानकी अम्माळ यांचे निधन झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सायलेंट व्हॅली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाली. जिथे धरणाची भिंत उभी राहणार होती, तिथून कुंतिप्पुळा आजही मोकळी वाहते.