होनस वॅग्नर : एका चित्राची गोष्ट

लहानपणी प्रत्येकाला काही ना काही जमवायचा नाद असतो. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी जुनी नाणी. मी विड्यांच्या बंडलांवरची लेबले जमवत असे. आमच्या सोलापुरातल्या वस्तीत हा छंद फुकटचा होता. रस्त्यात पडलेले लेबल उचलायचे, फडक्याने पुसायचे आणि जुन्या वहीत खळीने चिकटवायचे. कुठल्या लेबलावर पक्षी, कुठल्यावर नुसता आकडा, तर कुठल्यावर मालकाचा फेट्यातला फोटो. माझी आई विड्या वळते. तिच्या मांडीवरच्या सुपात पाने आणि तंबाखू, आणि शेजारी माझी वही, असे आमच्या घरातले चित्र होते.

ह्या वहीतले माझे सर्वांत आवडते चित्र मात्र विडीच्या बंडलावरचे नाही. ते अमेरिकेतल्या होनस वॅग्नर नावाच्या बेसबॉल खेळाडूचे आहे आणि वर्तमानपत्रातून कापलेले आहे. 2022 साली सिगारेटच्या पाकिटातले त्याचे एक जुने चित्र साडेबाहत्तर लाख डॉलरला विकले गेले. तंबाखूबरोबर फुकट मिळणाऱ्या कागदाच्या तुकड्याला एवढी किंमत का यावी, ह्या कुतूहलापोटी मी त्याचे चरित्र शोधून वाचले.

होनसचा जन्म 24 फेब्रुवारी 1874 रोजी पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या, आज कार्नेगी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावात झाला. आईवडील जर्मनीतून पोट भरायला आलेले. आजूबाजूला कोळशाच्या खाणी. बाराव्या वर्षी त्याची शाळा सुटली आणि बाप व भाऊ ज्या खाणीत राबत होते, त्याच खाणीत तोही उतरला. आमच्या गल्लीतली कितीतरी मुले मला येथे आठवली.

सुट्टी मिळाली की हे भाऊ बेसबॉल खेळत. थोरल्या भावाने, आल्बर्टने, होनसला धंदेवाईक संघात ओढले. 1897 साली तो लुईव्हिलच्या संघात दाखल झाला आणि 1900 साली आपल्या गावाजवळच्या पिट्सबर्ग पायरेट्स संघात आला. पुढे 1917 मध्ये खेळणे सोडीपर्यंत तो तेथेच राहिला.

दिसायला तो खेळाडू वाटत नसे. पाय धनुष्यासारखे वाकलेले, हात लांब, पंजे फावड्याएवढे. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागेवर त्याच्यासारखा क्षेत्ररक्षक नव्हता. फलंदाजीत त्याने आपल्या लीगमध्ये आठ वेळा पहिला क्रमांक पटकावला, आणि सातशेहून अधिक बेस चोरल्या. बेस चोरणे म्हणजे गोलंदाजाची नजर चुकवून पुढचा टप्पा गाठणे. एवढ्या धिप्पाड माणसाने ते करावे ह्याचेच लोकांना नवल वाटे.

तो स्वभावाने लाजाळू होता. 1903 साली पहिल्या वर्ल्ड सीरीजमध्ये बोस्टनकडून त्याचा संघ हरला आणि त्याचा स्वतःचा खेळही पडला. ती बोच त्याला इतकी लागली की, फलंदाजीतल्या विजेत्यांच्या तसबिरी एकत्र लावायचे ठरले तेव्हा त्याने आपली तसबीर पाठवण्याचे नाकारले. 1909 साली मात्र त्याने उट्टे काढले. डेट्रॉइटच्या संघात टाय कॉब हा मोठा खेळाडू होता, पण त्या मालिकेत वॅग्नर त्याच्याहून सरस ठरला आणि पिट्सबर्गने चारास तीन सामन्यांनी विजय मिळवला.

त्याच वर्षी चित्राची ती प्रसिद्ध गोष्ट सुरू झाली. अमेरिकन टोबॅको कंपनीने 1909 ते 1911 या काळात सिगारेटच्या पाकिटांतून खेळाडूंची छोटी रंगीत चित्रे वाटली. पाच सव्वापाचशे निरनिराळी चित्रे होती. पुठ्ठ्यामुळे पाकीट दबत नसे आणि चित्रांच्या लोभाने गिऱ्हाईक पुन्हा येई. लहान मुले तर ह्या चित्रांसाठी वेडी होत. वॅग्नरचेही चित्र तयार झाले होते : मागे नारिंगी रंग, छातीवर पिट्सबर्गचे नाव. त्याची संमती मिळवून दिल्यास कंपनी एका वार्ताहराला दहा डॉलर देणार होती. वॅग्नरने संमती तर दिली नाहीच, उलट वार्ताहराचे नुकसान नको म्हणून स्वतःच दहा डॉलरचा चेक त्याला पाठवला, अशी हकीकत 1912 साली छापून आली. आपले चित्र सिगारेटच्या पाकिटात नको, एवढे त्याने स्पष्ट सांगितले होते. छपाई थांबली. बाहेर गेलेल्या चित्रांपैकी आज साठच्या आसपासच ठाऊक आहेत. म्हणून ती किंमत.

त्याला देव करण्याचा माझा हेतू नाही. तो स्वतः तंबाखू चघळत असे. आधी एका सिगारच्या जाहिरातीत त्याचे चित्र आले होते. म्हातारपणी निघालेल्या एका चित्रात तर तो गालात तंबाखू भरतानाच दिसतो. म्हणून काही जण म्हणतात की भांडण पैशाचे असावे. पण चार पैशांसाठी भांडणारा माणूस स्वतःच्या खिशातले दहा डॉलर दुसऱ्याला का पाठवील? शिवाय मिठाईबरोबर मिळणाऱ्या चित्रांत तो त्याच काळात दिसतो. मुलांनी आपल्या चित्रासाठी सिगारेट विकत घेऊ नये, हेच कारण मला पटते.

ही गोष्ट मी आईला सांगितली. तिने हात न थांबवता विचारले की तेव्हा त्याचा पगार किती होता. मी पुस्तकात पाहून सांगितले, वर्षाला दहा हजार डॉलर, त्या काळी ही फार मोठी रक्कम. आई काही बोलली नाही, नुसती हसली आणि पुढचे पान घेतले. त्या हसण्याने मी बराच वेळ अस्वस्थ झाले. तिला तंबाखूला नाही म्हणता आले असते, तर ती कधीच म्हणाली असती. तिची बोटे पिवळी पडली आहेत, रात्री तिला खोकला येतो. पण तिच्या हजार विड्यांच्या मजुरीतूनच माझी फी भरली जाते, आणि मी हा लेख लिहिते आहे. ज्याचे पोट भरलेले आहे त्यालाच नकार परवडतो, हे आईला पुस्तकाशिवाय कळले होते.

तरीही वॅग्नरचे मोल मला कमी वाटत नाही. पोट भरल्यावर खाणीतले दिवस विसरणारे पुष्कळ असतात. तेव्हा इतर नामांकित खेळाडूंचेही पोट भरलेलेच होते, पण त्यांची चित्रे पाकिटांत गेली.

पुढे त्याचे दिवस पालटले. मंदीच्या काळात त्याचे खेळसाहित्याचे दुकान बुडाले. 1933 पासून जुन्या संघानेच त्याला प्रशिक्षक म्हणून घेतले, आणि सुमारे वीस वर्षे तो तरुण खेळाडूंना शिकवत राहिला. 1936 साली बेसबॉलच्या सन्मान दालनात निवडलेल्या पहिल्या पाच जणांत तो होता. 1955 च्या वसंतात पिट्सबर्गमध्ये त्याचा पुतळा उभारला गेला, आणि त्याच वर्षी 6 डिसेंबरला कार्नेगीतल्या घरी त्याने जगाचा निरोप घेतला.

लेबलांची वही मी अजून जपून ठेवली आहे. तिच्या शेवटच्या पानावर होनस आहे. अलीकडे आईने ते पान उघडून पाहिले, आणि शिकून मी कोणती नोकरी करणार असे विचारले. मी तिला सांगितले की, ज्या नोकरीमुळे तुझे सूप बाजूला ठेवता येईल ती. मग नको म्हणायचे ते तिने म्हणावे.